दह्याच्या डब्यातला निवडुंग

चोरून आणलेलं रोप हमखास लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याला मला एकदा भर दुपारी मोहावीच्या वाळवंटात उभं करायचंय. अनवाणी.

मी अमेरिकेत, सनीव्हेलला चिप डिझाइनमध्ये नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की वाळवंटात जाऊन रानातल्या निवडुंगांचे फोटो काढते. मग कुठला कुठल्या जातीचा, हे शोधत बसते आणि कळलं की जागेसकट नोंद करून ठेवते. लोकांना वाटतं, त्यात काय, फोनला विचारलं की सांगतो. डोंबल सांगतो. ॲरिझोनाच्या सीमेजवळच्या एका उतारावर, खडकाच्या आडोशाला मला मुठीएवढा एक निवडुंग सापडला होता. काटे मासे धरायच्या गळासारखे वाकडे. तशा दोन जाती तिथे आहेत आणि नुसत्या काट्यांवरून मला खात्री होईना. फूल उघडल्यावर मधोमध बघायचं: हिरवं असेल तर एक, फिकट पिवळं असेल तर दुसरी. पहिल्या वर्षी कळ्या सशाने कुरतडल्या. पुढच्या वर्षी ऑफिसने माझी सुट्टी कॅन्सल केली आणि मी पोचेपर्यंत फुलं वाळून गेली होती. यंदा मात्र टपोऱ्या कळ्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी उघडतील अशा.

यंदा बरोबर माझी मुलगी होती आणि शेजारच्या गावातल्या, क्युपर्टिनोच्या काकू. काकू नात्यातल्या नाहीत, पण या देशात त्यांचं घर हेच माझं माहेर. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी केले. म्हणून तर त्यांना ती जागा दाखवली, एरवी मी ती कुणाला सांगतसुद्धा नाही. काकूंनी कौतुकाने वाकून पाहिलं. मला बरं वाटलं.

आमची भाड्याची कॅम्पर व्हॅन उताराच्या पायथ्याशीच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू त्यांच्या सवयीने फिरून आल्या. दुपारी मी आणि मुलगी कॅमेरा घेऊन वर गेलो, तर खडकाच्या आडोशाला खड्डा. ताजी उकरलेली माती आणि चार तुटके काटे. निवडुंग खणून नेऊन विकणाऱ्या टोळ्या असतात, हे मला माहीत होतं. खाली येईपर्यंत मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

काकूंनी माझा चेहरा बघून आधी जेवून घ्या म्हटलं. मी त्यांच्या पिशवीतला दह्याचा जुना प्लॅस्टिकचा डबा काढला. आमच्याकडे अशा डब्यात दहीभात असतो. झाकण उघडलं, तर आत पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला माझा निवडुंग. मूळ सुरीने कापलेलं.

“अगं, घरी गेल्यावर सांगणारच होते,” काकू म्हणाल्या. “इथे उन्हात करपतंय बिचारं. आणि चोरून आणलेलं लागतंच.”

त्यांच्या अंगणातला कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, सगळं असंच कुणाकुणाकडून न सांगता आणलेलं. कुणी कधी रागावलं नाही, उलट सगळे हसायचे. मीही हसलेय. पण त्या दुपारी माझं डोकं फिरलं.

“काकू, तुमच्या देवघरातला बाळकृष्ण कुणी पर्समध्ये घालून नेला तर?”

मुलगी म्हणाली, “आई, धिस इज अ‍ॅक्चुअली इल्लीगल.” काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, मला दया आली नाही. मूळच कापल्यावर परत लावणार तरी काय? परतीच्या सगळ्या वाटेवर काकू तो डबा मांडीवर धरून बसल्या होत्या.

आठवड्याच्या आत त्यांचा फोटो आला. सिंकजवळच्या खिडकीत, भांड्यांच्या साबणाच्या बाटलीशेजारी, तोच निवडुंग. वर गुलाबी फूल. खाली लिहिलेलं: बघ, लागलं की नाही?

लागलंय कसलं. अंगातलं साठवलेलं पाणी त्याने त्या फुलावर उधळलं होतं. फोटो मोठा केल्यावर बुंध्याशी कुजायला लागल्याचा तपकिरी डाग मला दिसला, काकूंना दिसला नसावा. फुलाच्या मधोमध फिकट पिवळं होतं. इतकी वर्षं ज्यासाठी तडफडले ती जात मला अशी, फोनवर, कळली.

मुलीने नोंद करायला घेतली. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, “लोकेशन काय टाकू?”

“क्युपर्टिनो,” मी म्हटलं. “सिंकजवळची खिडकी.”