राजा गडाचा की पेठेचा

"राजा गडाचाच! गडाचाच म्हणजे गडाचाच! मेला तरी गडाचा!"

ही कुठली प्रचारसभा नव्हती. अणदूरला थोरल्या भावाच्या घरी, बाहेरच्या खोलीत, माझ्या पुतणीला बघायला आलेला मुलगा ओरडत होता. एका हातात पोह्यांची बशी, दुसऱ्या हातात चमचा, मिशीत ओल्या खोबऱ्याचा कीस. असा ओरडला की आमच्या गल्लीतली कुत्री उठून हायवेला लागली आणि तिकडं नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा पडता पडता मधेच थबकला. मी काही बघायला गेलो नव्हतो, पण आवाजाचा अंदाज मला आहे. थबकला असणारच.

हा राजा कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. मोबाइलवर ऐकायची एक मराठी गोष्टमाला आहे. गोष्टी सात, राज्यं सात, पण जग एकच. पहिल्या गोष्टीत जळून गेलेला माणूस चौथ्या गोष्टीत कुणाच्या तरी ओसरीवर पाणी मागतो. दुसऱ्या गोष्टीत हरवलेली अंगठी सहाव्या गोष्टीत माशाच्या पोटात सापडते. एका गोष्टीत काळ्या गडावर राखेचा राजा आहे. दुसरीत एका पेठेत एक कुलूपवाला आहे, जगातलं कुठलंही कुलूप उघडतो. माझं पाइप आणि ठिबकचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, बंडलावर पाय टाकून ऐकत पडायचो. गोष्ट चांगली होती. तिला मी एका शब्दानं वाईट म्हणणार नाही.

वाईट म्हणायचं ते तिच्या मागं लागलेल्या टोळीला. पंगतीत एखादा माणूस असतो बघा, शेजारच्याच्या पानातला लाडू उचलतो, फोडतो, नाकाजवळ नेतो, आत काय काय घातलंय ते मोठ्यानं सांगतो आणि पुन्हा त्याच पानात ठेवतो. मग तो लाडू आपण खायचा. ही माणसं तसली. राजा शिंकला की यांचा दीड तासाचा व्हिडिओ: शिंकेमागं दडलंय काय? कुणी नुसतं दार लावलं तरी कुठलं दार, कुठल्या हातानं, कडी होती का बोल्ट. लेकरंबाळं असलेले बाप्ये, डोक्यावरचे केस गेलेले, मोबाइलवर एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. कशावरून? राजाच्या बाराबंदीचा बंद डावीकडं होता की उजवीकडं. त्यांच्या एका गटात मीही होतो. म्हणजे लक्ष ठेवायला. कुणी तरी शहाणं माणूस आत असलेलं बरं.

तर मुलगा नळदुर्गचा, तुळजापूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणारा. बरोबर त्याचे वडील आणि मध्यस्थ म्हणून नळदुर्गचेच एक चाचा, शेळ्यांचे व्यापारी. चाचांनी आजवर इतकी लग्नं जुळवलीत की त्यांच्या वऱ्हाडाची रांग लावली तर पहिला फेटा सोलापुरात आणि शेवटचा हैदराबादेत निघेल. माणूस दिलदार.

पुतणी सोलापूरला एका दवाखान्यात नर्स आहे. रोज एसटीनं जाते. आधीची दोन स्थळं फिसकटली ती रात्रपाळीवरून. पोरगी गुणाची, पण रात्री घराबाहेर म्हणल्यावर लोक चहा अर्धा ठेवून उठायचे. हे स्थळ तिला स्वतःला हवं होतं. नळदुर्ग म्हणजे सोलापूर आणखी जवळ. पाव्हणे यायच्या आधी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काका, अप्पा विचारायचे न्हाईत. लाजतेत. तुमी तेवढं एक विचारा."

"काय?"

"लग्नानंतर रात्रपाळी चालंल का. व्हय का न्हाय. बाकी मला काय नको."

"एवढंच ना? पहिल्या घोटाला विचारतो."

आणि मी विचारणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात मुलाचा फोन वाजला, आणि वाजला तो त्या गोष्टमालेच्या सुरुवातीचा नगारा. मी आपलं सहज म्हणालो, "तुम्ही पण ऐकता का?"

झालं. मघापासून नवरीसारखा मान खाली घालून बसलेला तो मुलगा फुरफुरला. खुर्ची सरकवून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "काका, तुम्ही एकवाले का दोनवाले?"

राजा आणि कुलूपवाला एकच माणूस मानणारे ते एकवाले, दोन मानणारे ते दोनवाले. मी म्हणालो, "एकच हाय की. दोघंबी बोलायच्या आधी खोकतेत. शेंबडं पोरबी सांगंल."

"वा काका! वा!" त्या वा बरोबर एक शेंगदाणा माझ्या चष्म्यावर आला आणि तिथंच बसला. "आपलं जमलं! आता ऐका. राजा मूळचा गडाचा. पेठेत तो आपला वस्तीला असतो."

"वस्तीला?" मी चष्मा पुसला. "वर्षातले बहुतेक महिने पेठेत बसून कुलपं उघडतो, त्याला वस्ती म्हणतेत व्हय? पेठेचाच हाय त्यो. गडावर जातो पाव्हणा म्हणून."

"मग त्याची राणी गडावर का?"

"ती गडावर हाय, मग पेठेत त्याला भाकरी कोण घालतं?"

"ते बघू पुढं," तो म्हणाला. अडला की हेच. "पुढच्या पर्वात उलगडंल."

इथवर दोन येड्यांचं बोलणं होतं आणि दोघांतच राहिलं असतं. पण "पाव्हणा" हा शब्द खोलीत पडला आणि माझा थोरला भाऊ, जो मोबाइल फक्त पावसाचा अंदाज बघायला उघडतो, ज्याला राखेचा राजा आणि रॉकेलचा राजा यातला फरक सांगता येणार नाही, तो ताठ झाला.

कारण अणदूरचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच आहे. मूर्ती एक, देवळं दोन. वर्षाचे बरेच महिने देव आमच्याकडं असतो. मार्गशीर्षात पालखीतनं नळदुर्गला जातो आणि पौषातली यात्रा आटोपली की परत येतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, गुण्यागोविंदानं. देव मूळचा कुणाचा, हे आम्ही एकमेकांना कधी विचारत नाही. विचारायची गरजच नाही, कारण दोन्ही गावांना आपापल्या मनात उत्तर पक्कं ठाऊक आहे.

"थांबा," भाऊ म्हणाला. "कोण कुणाकडं पाव्हणा म्हणलात?"

मुलाचे वडील तोवर मुकाट खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "पाव्हणाच की. जत्रा कुठं भरती?"

"जत्रा भरती म्हणून काय झालं? ऱ्हातो कुठं?"

"ऱ्हायाचं काय! माणूस नोकरीला पुण्याला ऱ्हातो, म्हणून पुण्याचा होतो व्हय?"

"म्हंजी आमच्याकडं नोकरीला येतो का काय त्यो?"

चाचांनी दोन्ही हात वर केले. "अरे बाबांनो, राजा हाय का देव हाय, पैले ते तर ठरवा! मैं रिश्ता जोडने आया, तुम लोक हद्द का झगडा लेके बैठे!"

कुणी ऐकलं नाही. मी पेठेच्या बाजूनं उभा राहिलो. खरंच उभा राहिलो, खुर्चीवर. मुलगा गडाच्या बाजूनं. अख्ख्या महाराष्ट्रात ही गोष्टमाला ऐकणारे खंडीभर लोक असतील, राजा एक का दोन यावर डोकी फोडत असतील, पण राजाचं मूळ गाव कोणतं यावर भांडावं अशी अक्कल फक्त आमच्या दोन गावांना सुचू शकते. आणि मग तो ओरडला, जे मी सुरुवातीलाच सांगितलं. गडाचाच म्हणजे गडाचाच. त्याच्या तोंडातून पोहे असे उडाले की समोरच्या कॅलेंडरवरचा अख्खा श्रावण पिवळा झाला. भिंतीला चिकटलेला एक पोहा हळूहळू खाली घसरत होता. मला अजून तो दिसतो. जेवताना दिसतो.

त्याच वेळी पुतणी चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीवर होतो. मग तिनं स्वतःच विचारलं, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माझी रात्रपाळी असती. लग्नानंतर चालंल का?"

मुलानं मान वर केली नाही. तो तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर अंगठ्यानं काहीतरी शोधत होता. "ते बघू पुढं," म्हणाला, आणि मला म्हणाला, "काका, हे ऐका, तिसऱ्या भागातला खोकला! गडावरचा! ओळखा!"

आणि भाऊ वाकला, मुलाचे वडील वाकले, मी खुर्चीवरून उतरून वाकलो, शेळ्यांचे व्यापारी चाचासुद्धा कानाला हात लावून वाकले. मोबाइलमधून कुणीतरी खोकलं. ओला, कफाचा, घशाच्या तळातून ओढून आणलेला खोकला. मुलानं तो मागं नेऊन पुन्हा लावला. पुन्हा लावला. मला तिचं वाक्य पुन्हा काढायचंच होतं, पण खोकला संपू द्यायचा होता.

ट्रे स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला. आम्ही वर बघितलं तेव्हा ती आत गेली होती. चहावर साय धरली होती आणि एका कपात माशी पोहत होती.

पाव्हणे गेले. कळवतो म्हणाले. भाऊ म्हणाला, हेबी गेलं. पण गेलं नव्हतं. त्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलचा कॅमेरा सगळा वेळ चालू होता.

पुढच्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक दीड इंची एल्बो मागायला आलं आणि एल्बो खिशात टाकता टाकता म्हणालं, "मग राजा कुणाचा ओ, काका?" मी मोबाइल उघडला. त्या मुलानं व्हिडिओ टाकला होता. वर मोठ्या अक्षरांत: अणदूरच्या काकांनी फोडलं राजाचं रहस्य! खाली माझं तोंड. उघडं, दाढा दिसतील असं, आत पोहे. मिशीभोवती लाल गोल आणि बाण. हे जगाला दाखवायला माझ्या आईनं मला जन्म दिला नव्हता. खाली लोकांच्या उलट्या, म्हणजे प्रतिक्रिया. एकजण म्हणे, काकांची मिशी हीच गडाचा नकाशा आहे. तेर गावचा कुणीतरी लिहीत होता की राजा ना गडाचा ना पेठेचा, तो आमच्या टेकाडाखाली पुरलाय, येऊन उकरा.

आणि एकानं ट्रे धरलेला हात पकडला होता. चित्र थांबवून, मोठं करून. या हातातलं घड्याळ बघा, तबकडी आतल्या बाजूला, म्हणजे काळ उलटा, म्हणजे हीच पाचव्या गोष्टीतली बंद दरवाजाची राणी. त्याखाली शंभर जणांचं वा वा. आमची पोरगी रोग्याची नाडी बघताना सोयीचं पडतं म्हणून घड्याळ आत बांधते. त्या मनगटावर ही माणसं माशांसारखी बसली होती. आजवर मी शेवाळलेले फिल्टर, कुजलेले पाइप, मोटारीत अडकून मेलेले उंदीर हातानं काढलेत. पण त्या दिवशी मी दुकानातला नळ सोडून कोपरापर्यंत हात धुतले.

संध्याकाळी ती एसटीतून उतरून घरी जाताना दुकानात आली. म्हणाली, "काका, दाखवा बरं." दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. मी द्यायला नको होता, पण दिला. ती काउंटरला टेकून बघत राहिली. माझं तोंड आलं, भावाचं आलं, गड आला, पेठ आली. मग ट्रे आला. तिचा आवाज आला, "माझी रात्र—" आणि तुटला. पडद्यावर खाली एक पट्टी: मधला गोंगाट काढला आहे. मग खोकला.

"जरा मागं घ्या," ती म्हणाली. मी घेतलं. पुन्हा "माझी रात्र—" आणि खोकला. तिनं मोबाइल माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि गेली.

दोन दिवसांनी चाचांचा फोन आला. भावानं स्पीकरवर टाकला. मी तिथंच होतो.

"मुबारक हो! पोरगा व्हय म्हणला. म्हणतो, असं घर दिवा लावून शोधलं तरी घावायचं न्हाय. काकाला सलाम सांगितलाय. आन् तेनं बी माघार घेतली, बरं का. म्हणतो, राजा निम्मा गडाचा, निम्मा पेठेचा. अब बोलो! पोरीचं काय ते विचारून मला लगेच सांगा."

भावाचे डोळे भरून आले. वहिनी साखरेचा डबा घेऊन बाहेर आली आणि माझ्या तोंडात एवढी साखर कोंबली की मला बोलता येईना. बोललो असतो तर काय बोललो असतो, ते राहू द्या.

पुतणी उंबऱ्यावर बसून ड्युटीचे पांढरे बूट पुसत होती. रात्रपाळीला निघायचं होतं, एसटीची वेळ झाली होती.

"काय सांगू गं चाचाला?" भावानं विचारलं.

तिनं एक बूट घातला, लेस बांधली, दुसरा घेतला.

"बघू पुढं, म्हणून सांगा."