उजवा इंडिकेटर

आमची सून जर्मनीची. तीन वर्षांपूर्वी ती मुलाबरोबर पुणतांब्याजवळच्या आमच्या वस्तीवर राहायला आली, तेव्हा ती तिखटाला घाबरेल आणि उन्हाला वैतागेल असा माझा अंदाज होता. दोन्ही खोटं ठरलं. तिची बोलती बंद केली ती आमच्या रस्त्यांनी. समोरच्यानं डिपर मारला तर तिच्या देशात त्याचा अर्थ ‘जा, मी थांबतो’. इथे ‘थांब, मी येतोय’. देवळावरून जाताना दुचाकीवाला हँडल सोडून नमस्कार करतो हे तर तिनं आईला फोन करून सांगितलं.

पण तिचा खरा वाद होता उजव्या इंडिकेटरशी. उसाच्या हंगामात आमच्याकडे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ता भरून चालतात. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. त्यानं हॉर्न दिला की ट्रॅक्टरवाला समोर बघतो आणि रस्ता मोकळा असला तर उजवा इंडिकेटर लावतो. म्हणजे ‘ये, जा पुढं’. तिला हे पटेचना. इंडिकेटरनं आपण कुठं वळणार ते सांगायचं, दुसऱ्यानं काय करावं ते सांगणारा तो कोण, असं ती चहा घेताना दादांना विचारायची. दादा म्हणजे माझे यजमान. घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात. ऐन उमेदीत त्यांनी स्वतः ट्रॅक्टरनं ऊस ओढला आहे. ते म्हणायचे, ज्याला पुढचं दिसतंय त्यानंच सांगायचं ना. आणि त्याला खरंच वळायचं असेल तर, ती विचारायची. तर तो हात बाहेर काढतो, की झालं. ती मान हलवायची, पण उजवा इंडिकेटर बघून तिनं एकदाही गाडी पुढे काढली नाही. स्वतःला दिसेपर्यंत ती मागेच राहायची. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. सांगितलेलं कुणी ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं.

मागच्या जानेवारीत एका सकाळी दादा गोठ्यातून आले ते छाती धरूनच. घामानं सदरा भिजलेला, डावा हात जड झालेला. मुलगा कामासाठी पुण्याला गेला होता. गावातल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली आणि रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका, तडक श्रीरामपूर गाठा, म्हणाले. मला गाडी येत नाही. सुनेनं किल्ली घेतली. मी मागे बसले, दादांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आम्ही निघालो.

चार-पाच किलोमीटर गेलो असू, पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वर चार तोडणी कामगार बसलेले, गाणी इतकी मोठी की आमच्या काचा थरथरत होत्या. तिनं हॉर्न दिला. समोरून गाड्या येतच होत्या. आम्ही बैलगाडीच्या वेगानं मागे मागे. दादांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा श्वास मला ठीक वाटत नव्हता. मी दर मिनिटाला त्यांच्या नाकाशी बोट धरत होते.

मग ट्रॅक्टरचा उजवा इंडिकेटर लागला. मी म्हटलं, काढ गाडी. तिनं काढली नाही.

“आई, तिथं उजवीकडं वाट हाय,” ती म्हणाली. तिचं मराठी आमच्या दूधवाल्याकडून आणि दादांकडून शिकलेलं. “त्याचा हात दिसतो मला. या म्हनतो का थांबा म्हनतो, कळत न्हाई.”

मी मागे डाव्या बाजूला बसलेली. मला हात दिसत नव्हता, वाट दिसत नव्हती, दिसत होता तो फक्त लुकलुकणारा दिवा. तो आपल्यालाच बोलावतोय, जा, असं मी दोनदा सांगितलं. ती थोडी उजवीकडे झाली, वाकून पाहिलं, पुन्हा मागे आली. तेवढ्यात दादा कण्हले. आणि माझ्या तोंडून ते गेलं.

“तुझा बाप असता तर अशी थांबली असतीस का?”

तिला ते कळलं नसावं अशी आशा करायलासुद्धा जागा नव्हती. आरशात मला तिचे डोळे दिसले. तिनं गिअर बदलला आणि गाडी बाहेर काढली.

आम्ही दुसऱ्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो, पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो, आणि ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. त्याला खरंच वळायचं होतं. मी दादांच्या अंगावर ओणवी झाले. ब्रेक लागला, गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला खाली उतरली, काटेरी झुडपात घुसली आणि बंद पडली. ट्रॅक्टरचं मोठं चाक माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

गाणी थांबली. ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला. आता हा शिव्या घालणार म्हणून मी तयार होते. त्यानं मागच्या सीटवर बघितलं आणि तो नरमला. “मावशी, मला वळायचं हुतं. मी हात बी काढला हुता,” एवढंच म्हणाला. वरचे कामगार खाली उतरले, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून रस्त्यावर आणली. मागून आलेल्या एका दुचाकीवाल्यानं काय झालं ते विचारलं आणि न सांगता आमच्या पुढे लागला. कधी हॉर्न, कधी एक हात हवेत, असा तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत रस्ता मोकळा करत गेला. आम्ही दादांना उतरवेपर्यंत तो निघूनही गेला होता.

दादांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, दंडावर काट्यांचे ओरखडे होते. माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा तिला पाणी हवंय का तेच विचारलं.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, शीर मोकळी केली आहे, वेळेत आणलंत. मी पदर तोंडात धरून रडले. तासाभरानं मुलगा पुण्याहून पोचला. त्यानं खाली गाडीची दशा पाहिली होती. बापाचं बरं आहे कळल्यावर सगळी भीती त्यानं तिच्यावर काढली. पेशंट गाडीत असताना अशी गाडी घालतात का, असं त्यानं तिला सगळ्यांसमोर विचारलं.

“माझी चूक,” ती म्हणाली. “इंडिकेटर समजला न्हाई मला.”

मी शेजारीच बसले होते. आणि मी गप्प राहिले. रस्त्यात बोलले ते भीतीपोटी, असं म्हणता येईल. या गप्प बसण्याला मात्र माझ्याकडे काही कारण नाही. मुलासमोर मला लहान व्हायचं नव्हतं, एवढंच.

थोड्या वेळानं दार उघडून नर्स बाहेर आली. एकालाच आत सोडणार होती. मी उठून पदर सारखा केला.

“पेशंट मुलीला बोलावतायत,” ती म्हणाली. “मुलगी कोण?”

“मुलगी नाहीये आम्हाला,” मुलगा म्हणाला. “मी एकटाच. औषधाच्या गुंगीत असतील.”

ते गुंगीत नव्हते. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे मिटलेले होते, पण माझं ते बापाचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, ते मला उत्तर होतं.

“ही आहे,” मी नर्सला सांगितलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “जा. दादा बोलावतायत.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग चपला काढून आत गेली. दार लागलं. मी मुलाला शेजारी बसवलं आणि गाडी कुणी काढायला लावली ते सांगितलं. काय बोलून काढायला लावली, तेही सांगितलं.