लोट्यातलं पाणी

नाटक मंडळीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. प्रयोग आटोपून गाडी नंदुरबारला परत येईपर्यंत ते आपोआप जमतात. त्यातून आमचं नाटक समस्याप्रधान, म्हणजे समस्याही आमच्या आणि किस्सेही आमचेच!

नाटकात भगत एका विधवेला डाकीण ठरवतो आणि गाव तिला विहिरीवर येऊ देत नाही. शेवटी ती पाण्याचा लोटा प्रेक्षकांपुढे धरून विचारते, "माझ्या हातचं कोण पिणार?" कोणी उठत नाही. पडदा. लेखक-दिग्दर्शक आमचे सर. त्यांचं म्हणणं ठाम, प्रश्न नाटकाने विचारायचा आणि उत्तर समोरच्यांनी द्यायचं. ती विधवा रमिला करते, भगत मी.

हे नाटक रमिलानेच सरांच्या मागे लागून लिहून घेतलं. मोलगीच्या पुढे डोंगरात तिचं गाव. तिच्या फुईला, म्हणजे आत्याला, गावाने असंच डाकीण म्हणून विहिरीवर बंदी केलेली. फुई खालच्या झऱ्यावरून पाणी आणते. "गाव तिच्या हातचं पाणी पिईल, त्या दिवशी मी हे नाटक सोडेन," असं रमिला म्हणायची.

*

स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "तुमच्या नाटकाला शेवटच नाही."

सर म्हणाले, "समस्येला आहे का?"

बक्षीस फक्त नेपथ्याला मिळालं. नेपथ्य म्हणजे एक खाट आणि तो लोटा.

*

नंदुरबारच्या प्रयोगाला मिरचीचे एक व्यापारी पहिल्या रांगेत होते. पडदा पडताच थेट विंगेत आले.

"सर, तिकीट आम्हीन काढं, आनि उत्तर बी आम्हीनच देवानं का?"

"हो शेठ."

शेठ म्हणाले, "मंग उत्तर देनारले तिकिटमा सूट ठेवा."

*

त्याच प्रयोगाचे प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, "हे पाणी आपण प्रत्येकाने प्यायला हवं!" टाळ्याच टाळ्या. मग घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी समोरची बाटली उघडली. लोटा हातभर अंतरावर होता.

रमिला मला म्हणाली, "भगतबाबा, यांच्यापेक्षा तुम्ही बरे."

*

नवापूरकडच्या एका गावात प्रयोग संपला तरी लोक उठेनात. एक म्हातारबा म्हणाले, "प्रश्न टाकून निघून जायचं, ही आमच्याकडं रीत नाही. बसा."

पंच बसले. हे नाटक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी भगताला पुढे बोलावलं. मी बाजू मांडली, "सरांनी लिहून दिलं तेच मी बोललो."

"सगळे भगत तेच म्हणतात," पंच म्हणाले. "बोलविता धनी दुसराच असतो."

दंड एक कोंबडी! ती तिथेच शिजली, सगळ्यांनी खाल्ली, मला तंगडी वाढली. रमिला जेवली नाही. दंड झाला होता, पण लोट्यातलं पाणी तसंच होतं. मला तिचं फार वाईट वाटलं.

*

शेवटी रमिलाच्या गावात प्रयोग ठरला. भर दुपारी, मोहाच्या झाडाखाली, सगळं नाटक तिथल्या पावरी बोलीत. फुई सगळ्यांच्या मागे, एकटी बसली होती.

रमिलाने लोटा पुढे धरला. "माझ्या हातचं कोण पिणार?"

नेहमीसारखंच कोणी उठलं नाही. सर पडद्याची खूण करणार, तेवढ्यात फुई उठली. माणसांतून वाट काढत आली आणि तिने रमिलाच्या हातातून लोटा घेतला. आम्हाला वाटलं, पिईल. ती प्यायली नाही. वळून तिने तो लोटा गावापुढे धरला.

हे नाटकात नव्हतं. रमिला तिथेच खाटेवर बसली.

पुढे गावाचे कारभारी बसले होते. ते उठले आणि त्यांनी फुईपुढे ओंजळ धरली. फुईने पाणी ओतलं. ते प्यायले. मागून त्यांची बायको आली, मग सून. लोटा रिकामा झाला आणि ओंजळी अजून येतच होत्या.

सर मला म्हणाले, "बघतोस काय? पाणी आण!"

गळ्यात भगताच्या माळा तशाच, मी हंडा उचलून विहिरीकडे निघालो. कारभाऱ्यांनी मला अडवलं. हंडा माझ्या हातातून काढून घेतला आणि फुईपुढे ठेवला.

"तू नको, भगत. तिला जाऊ दे."