मामांचा कान आणि गेलेली फेज

विजेशी बोलणं-चालणं असलेला माणूस उभ्या डोंबिवलीत एकच, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वायरमन म्हणून त्यांनी जन्म काढला. चालू लाइनजवळ डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे शॉक काळजातून जात नाही, ही तिथली शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली की आमच्या लग्नात त्यांनी अक्षताही एका हातानेच टाकल्या. कोणाकडे गेले की आधी मीटरची विचारपूस, मग माणसांची. मोटर तपासायची तर स्क्रूड्रायव्हरचं टोक तिला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "मजेत आहे," असं मामा म्हणाले की सोसायटी निर्धास्त. फेज गेली की पंप आपोआप बंद करणारी डबी बसवायचं सेक्रेटरींनी एकदा काढलं, तर मामा केवढे दुखावले! "माझा कान असताना डबी कशाला?"

गेल्या वैशाखात एका दुपारी ट्रान्सफॉर्मरकडे येणाऱ्या तीन तारांतली एक तुटली, म्हणजे एक फेज गेली. काही घरांत सगळं ठीक, पण बाकीच्या घरांत दिवे केशरी झाले आणि पंखे इतके संथ, की पाती मोजावीत. सारी इमारत आमरसाचं जेवण झाल्यासारखी पेंगत होती. खरं सांगतो, मला ते फार आवडलं. लोक आपापले फ्यूज चांगल्या फेजवर सरकवायला धावले. मामा मात्र पंपाकडे निघाले, मागोमाग मी.

मामांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "मजेत आहे," म्हणाले. मोटर तर पंपाच्या खोलीच्या दारात मला ऐकू येईल इतकी कण्हत होती. पण त्या कानापुढे मी काय बोलणार? जावईमाणूस, गप्प राहिलो. थोड्याच वेळात मोटरच्या तारांवरच्या वॉर्निशचा जळका वास आला. तो मात्र मामांना माझ्याआधी आला. त्यांनी झटकन पंप बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कण्हत होती का हो?"

मी होकारार्थी मान हलवली. मला माझ्या गप्प बसण्याचा राग आला.

"मामा, तुम्ही ऐकलं होतं ना?" वासाने धावत आलेल्या सेक्रेटरींनी विचारलं.

"आम्ही पोचलो तेव्हाच जळली होती," मी ठोकून दिलं.

दोन दिवस सगळ्यांनी टँकरच्या बादल्या वाहिल्या. तिसऱ्या सकाळी मोटर नव्या तारेने भरून आली, तेव्हा मामांनी स्वतःच आणलेली ती डबी भिंतीवर बसवली, पंप सुरू केला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"जावईबापू, आता तुम्ही ऐका."

मी मूठ कानाला लावली. आत एकसारखी, मऊ गुणगुण चालली होती.

"काय म्हणतेय?" त्यांनी जरा मोठ्यानेच विचारलं.

"मजेत आहे, मामा."

त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मला मात्र भरून आलं. मामांनी डोळे मिटले आणि पंप चालू असतानाच डावा हात खिशातून काढून माझ्या खांद्यावर ठेवला.