नालेची अंगठी आणि तात्यांचा बोअर

राग अजून उतरलेला नाही, आणि तो माझाच माझ्यावर असल्यामुळं भांडायलाही कुणी नाही.

प्रयोगशाळेत मी हिऱ्यातली एका अणूएवढी खोट वापरून, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या जागेतलं चुंबकत्व मोजतो. तिथं पट्टा, चाव्या, घड्याळ दाराबाहेर काढून ठेवावं लागतं. कुणी विसरलं तर मीच अंगावर धावून जातो. एवढी अक्कल असलेला माणूस एप्रिलमध्ये गावाकडं, तेरला घरी आला.

चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, विहीर तळाला गेलेली. लिंबोणीची पानं गळायला लागलेली. बागेत एक जुना बोअर होता. पण मागं तलावातला गाळ आणून पसरला, तेव्हा त्याचं झाकलेलं तोंडही गाडलं गेलं. नेमकं कुठं, कुणालाच आठवेना.

“केसिंगचा पाइप लोखंडी हाय न्हवं? मग फोनवर सापडतंय,” मी म्हणालो. फोनमध्येही चुंबकत्व मोजायची सोय असते, हे पाऊण तास समजावलं.

“तू लई बारीक मोजतूस म्हनं. माझा बोअर तेवढा बारीक न्हाय,” तात्या म्हणाले.

फोन धरून मी बागभर फिरलो. बांधाजवळ आकडा एकदम उसळला. “इथंच,” मी छाती काढून सांगितलं. पासष्टीच्या तात्यांनी छातीएवढं खणलं. मी खोरं मागितलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे, तुझे हात हिऱ्याचे हाईत.” खाली मुरूम लागला. पाइप नाही.

तणतणत पुन्हा फोन धरला. आकडा शांत. घाम पुसायला फोन उजव्या हातात घेतला, तर उसळला. त्या हाताच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. साडेसाती म्हणून आईनं आल्या दिवशीच घातलेली. बांधावरही बाभळीची फांदी सारताना मी हात बदलला होता.

मी आईवर, शनीवर, फोनवर तोंड सोडलं.

“शनीला काय बोलतूस?” तात्या खड्ड्यातूनच म्हणाले. “काढ ती अंगठी आन् चाल परत. आता खणायचं तू.”

काढली. चाललो. तिसऱ्या ओळीत एका झाडापाशी आकडा चढला, आणि हात बदलला तरी उतरला नाही. दीड हात गाळाखाली खोरं खणकन वाजलं. झाकण काढून तात्यांनी आत खडा टाकला, कान लावला. खालून डुबुक आलं. ते हसले, माझ्याकडं न बघता.

बांधाजवळचा खड्डा मात्र त्यांनी बुजवू दिला नाही. आल्यागेल्याला तिथं नेऊन दाखवतात, “ही आमच्या सायबानं मोजलेली जागा.”