वरून दुसरं बटण

निधनाच्या बातम्या आमच्या कार्यालयात दुपारी चारपर्यंत येतात. बहुतेक हाताने लिहिलेल्या, कधी एखाद्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो. गेल्या महिन्यात अशाच एका कागदावर मी सवयीप्रमाणे आधी शेवटची ओळ वाचली, पश्चात कोण कोण आहे ती. मग वय, मग नाव. रघुनाथ सोनवणे, वय ५८, सातपूर. अल्पशा आजाराने निधन. पश्चात पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी. फोटोत शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती... मी कागद बाजूला ठेवला, उरलेल्या तीन बातम्या संपवल्या आणि मग तो परत हातात घेतला. ‘अल्पशा’ खोडून ‘दीर्घ’ लिहिलं. माणूस अकरा वर्षं आजारी होता. एरवी त्या मजकुरात चूक नव्हती.

वृत्तपत्रात येण्याआधी मी व्यवसायोपचार शिकत होते. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला जेवण, अंघोळ, कपडे घालणं, लिहिणं, जमलं तर नोकरीवर परत जाणं, ही रोजची कामं पुन्हा शिकवायची, असा तो विषय. शेवटच्या वर्षी आठ आठवडे नाशिकमधल्याच एका रुग्णालयात प्रत्यक्ष काम करायचं, एक रुग्ण स्वतःचा म्हणून सांभाळायचा आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर त्याची प्रगती दाखवायची, अशी पद्धत होती. माझ्या वाट्याला सोनवणेकाका आले. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. मूळचे सटाण्याकडचे, वीस वर्षांपासून सातपूरच्या एका कारखान्यात लेथ यंत्रावर टर्नर. एके दिवशी पहिल्या पाळीत चहाच्या सुट्टीला त्यांच्या उजव्या हातातून ग्लास पडला. कँटीनवाला ओरडला म्हणून त्यांनी दुसरा घेतला. तोही पडला. ग्लासच निसरडे आहेत, असं त्यांना वाटलं होतं. त्यानंतरचे तीन आठवडे नातेवाइकांच्या सांगण्यावरून कुठल्याशा गावी तेलाच्या मालिशीत गेले आणि मग ते आमच्या विभागात आले.

“व्यवसायोपचार म्हंजे काय वं ताई? धंदा लावून देणार का?” त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं. जीभ जड होती, शब्द एकेक करून येत. “धंदा नको. माझं लेथ हाय तिकडं. चकची चावी फिरवता आली पाहिजे मला, बाकी काय नको.”

चक म्हणजे लेथवर लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा भाग. तो आवळायची चावी उजव्या हाताने फिरवावी लागते. कारखान्याने सहा महिने वाट पाहायचं कबूल केलं होतं. आमच्या विभागप्रमुख मॅडमही सहा महिन्यांचंच सांगत: हातात जे यायचं ते बरंचसं तेवढ्यात येतं, तो काळ वाया घालवू नका. त्यामुळे पहिल्या दिवसापासून काय मिळवायचं आणि किती दिवसांत, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती.

ते रोज नऊला येत. सोबत पत्नी, कमलकाकू. त्या घरी ब्लाउज शिवत. डबा आणि शिवणाची पिशवी घेऊन बाकावर बसत आणि आमचं काम चालू असताना हुक लावत. मी आधी त्यांच्यासमोर लाकडी खुंट्यांची पाटी ठेवली. “ही बालवाडी हाय,” काका म्हणाले. मग मी भंगारवाल्याकडून मोठे नट-बोल्ट आणले. ते त्यांनी डाव्या हाताने उचलले, उजेडात धरून पाहिले, एकाचे आटे झिजलेले आहेत म्हणून तो नापास करून परत दिला. “नट बोटांनी फिरत नाय ताई, अंगठ्यानं फिरतं. बोटं नुसती धरून राहतात. तुम्ही बोटांच्या मागं लागल्या.” माझ्या पुस्तकात हेच दोन पानांत लिहिलेलं होतं. मी मागे लागले होते ती बोटांच्याच. जेवणाचा सराव तर सुरूच झाला नाही. उजव्या हातात घास धरता येईना आणि डाव्या हाताने जेवायला सांगितल्यावर ते ताडकन म्हणाले, “तो हात कशाचा हाय, शिकवलं नाय का तुम्हाला कॉलेजात?” कमलकाकू तोंडाला पदर लावून हसल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांनीच घास भरवला.

सहाव्या आठवड्यात बोटं वळू लागली. अंगठा मात्र समोर येईना. परीक्षेला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी शर्टाची बटणं निवडली, कारण त्याला वेळ मोजता येतो आणि कोणालाही ते समजतं. रुग्णाच्या स्वतःच्या कपड्यांवर सराव घ्या, असं आम्हाला शिकवलेलं होतं. काका निळ्या रेघांचा एकच शर्ट सरावासाठी आणत. एक बटण लावायला चार-चार मिनिटं लागत. कधी लागतच नसे. माझी काळजी मी लपवू शकत नव्हते. “बाहेरचे सर कडक असतात का वं?” काकूंनी एकदा विचारलं. हो, मी म्हणाले. “मंग नापास झालं तर?” सहा महिने परत, मी म्हणाले. त्या सुईत दोरा ओवत राहिल्या...

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांनी पाचही बटणं लावली. मी आनंदाने मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी पुन्हा लावून दाखवली.

परीक्षेच्या सकाळी मी त्यांची कॉलर नीट करत होते, तेव्हा मला वरून दुसरं बटण दिसलं. त्याचं काज लांबवून नव्याने शिवलेलं होतं. शिवण सुबक होती, पण दोरा मूळच्या दोऱ्यापेक्षा थोडा उजळ होता. बटण कापडाला लागून नव्हतं. दोऱ्याच्या लांब देठावर सैल लोंबत होतं. असं बटण लावायला अंगठा लागत नाही, वळलेल्या बोटांनी ढकललं की पुरतं. मी बाकीचीही पाहिली. पाचही तशीच. शेजारच्या फळीवर रुग्णालयाचा घडी घातलेला शर्ट होता. तो द्यायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी कॉलर नीट केली आणि काकांना आत नेलं.

“छान,” परीक्षक म्हणाले. “कोणाच्याही मदतीशिवाय?”

“हो सर.”

काका परीक्षकांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “पास?” मी मान हलवली. “मंग पेढे कुठायत?” त्या दिवशी त्यांचा आवाज एरवीपेक्षा मोकळा होता.

काजं मोठी करणं हा आमच्या शास्त्रातलाच एक उपाय आहे. हाताला जमत नसेल तर कपडा बदला, असं ते शास्त्र सांगतं. मी फाइलवर ‘बदललेल्या शर्टावर’ एवढं लिहिलं असतं, तरी नोंद खरी झाली असती आणि उपचार चालू राहिले असते. मी लिहिलं: उजव्या हाताने, स्वतंत्रपणे. विभागात जागा कमी होती. जो स्वतंत्र झाला, त्याची वेळ पुढच्याला मिळे. काकांची वेळ मालेगावच्या एका विणकराला दिली गेली. फाइलची प्रत कारखान्यात गेली. सहा महिन्यांतले साडेतीन अजून शिल्लक होते.

कारखान्याने त्यांना आधी टूल स्टोअरमध्ये बसवलं, हत्यारं द्यायची-घ्यायची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून मायक्रोमीटर पडला. केसाइतकी जाडी मोजणारं ते उपकरण. एकदा पडलं की त्याच्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. कोणी त्यांना बोललं नाही. ते स्वतः उठले, साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि राजीनामा लिहून घ्या म्हणाले. सही डाव्या हाताने केली. निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा हे कळलं. काका पलंगावर होते, उजवा हात उशीवर ठेवलेला, मूठ मिटलेली. मी मॅडमशी बोलते, परत या, असं मी म्हणाले. “ऱ्हाऊ द्या ताई,” ते म्हणाले, “तुमच्या कागदावर मी बरा झालोय.” यात टोमणा नव्हता. ते मला वस्तुस्थिती सांगत होते. मी मॅडमशी बोलले नाही. बोलायचं तर शर्टापासून सुरुवात करावी लागली असती.

पुढे मी तो व्यवसाय सोडला. नोकरी मिळेना म्हणून सोडला, असं मी सांगत आले. काकांना त्यानंतर एकदाच पाहिलं, चार-पाच वर्षांनी, सातपूरच्या थांब्यावर. उजवा हात पोटाशी धरून ते सावलीत उभे होते. मी बसमध्ये खिडकीशी होते. बस बराच वेळ थांबली होती... मी उतरले नाही. दुसरा झटका आल्याचं आणि बोलणं गेल्याचं कळलं, तेही कोणाकडून तरी.

दहावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. कमलकाकूंनी लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसायला सांगितलं. फोटो कोणता द्यायचा यावर मुलाशी वाद झाला होता म्हणाल्या; त्यांना परीक्षेच्या दिवसाच्याच शर्टातला हवा होता. मग त्यांनी कपाटातून तो शर्ट काढला.

“एक सांगते ताई, आता काय लपवायचं. काजं मी मोठी केली होती. रात्रभर बसून नाय, दुपारच्याला, तुमच्याच बाकावर. तुमची परीक्षा होती, आन् त्यांची बी. कामावर गेले म्हंजे काम करता करता हात येईल, असं वाटलं आम्हाला.” त्यांनी शर्ट माझ्या मांडीवर ठेवला. “बोलता येत होतं तोवर ते म्हणायचे, पोरीला कळलं नाय ते बरं झालं. कळलं असतं, तर तिनं खरं लिहिलं असतं.”

मला माहीत होतं, हे मी त्यांना तिथे सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

शर्ट माझ्या मांडीवर होता. निळ्या रेघा फिकट झाल्या होत्या, काजांवरचा दोरा अजून उजळ होता. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी उजव्या हाताची मूठ मिटली, अंगठा आत दाबून धरला आणि वरून दुसरं बटण बोटांच्या पेरांनी ढकलून पाहिलं. ते कुठेही अडलं नाही.