लाइट गेल्यावर नीट बंद झालेला सर्व्हर

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलेय. भास, संकेत, सावल्या... आपला यावर कधीच विश्वास नव्हता. रात्री आवाज आला तर आधी टॉर्च घेऊन बघून यायचं, ही आमच्या अब्बांची शिकवण. त्यामुळं खाली जे लिहितेय त्याला काय म्हणायचं ते मलाच कळलेलं नाही. घडलं तसं सांगते.

मी शिरूरची. लोडशेडिंगनं सगळ्यांना पिडलं होतं त्या वर्षांत मी तिथल्या एका छोट्या रक्तपेढीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. माझे सीनियर गायकवाड सर दौंडहून रोज एसटीनं यायचे. रक्तदात्यांची सगळी माहिती ज्या सर्व्हरवर होती, तो त्यांनीच उभा केलेला.

आता थोडं टेक्निकल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा डेटाबेस सर्व्हर चालू होताना एका छोट्याशा फाईलमध्ये स्वतःचा नंबर — प्रोसेस आयडी — लिहून ठेवायचा. नीट बंद केला की जाता जाता ती फाईल स्वतःच पुसायचा. पण धाडकन लाइट गेली तर फाईल तशीच मागे राहायची. मग पुन्हा चालू करायला गेलं की त्याला वाटायचं, एक सर्व्हर आधीच चालू आहे... आणि तो उठायचाच नाही. आमच्याकडे असं आधी झालेलं होतं. दर वेळी सरांनी ती फाईल हातानं उडवली तेव्हाच गाडी पुढं सरकली. त्यासाठी लागणारा पासवर्ड फक्त सरांकडं.

आणि सरांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मी दौंडला भेटायला गेले तर डोळ्यांनी ओळख दिली, बस. त्यांच्या मिसेस, सुनंदावहिनी, मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत्यात हाताची आशा नगा धरू." सर्व्हरसाठी पुण्याचा इंजिनिअर नुसता "येतो, येतो" म्हणत होता. तोवर मी यूपीएसच्या भरवशावर दिवस ढकलत होते.

एका दुपारी गावातल्या हॉस्पिटलमधून एक आप्पा धावत आले. सुनेचं बाळंतपण झालेलं, रक्त थांबत नव्हतं. ग्रुप ओ निगेटिव्ह, आणि आमच्या फ्रीजमध्ये त्याची एकही पिशवी नाही. मी दाता शोधायला बसले, आणि तेवढ्यात ठरल्या वेळची लाइट गेली. यूपीएसनं एक शिट्टी मारली आणि मान टाकली. स्क्रीन काळी. पंखा बंद. सर्व्हरच्या डब्यावर हात ठेवला — आत काही घरघर नाही.

"ताई, काय झालं?" आप्पा.

"लाइट गेली, आप्पा. जनरेटर लावतोय."

"मंग व्हईल ना चालू?"

मी हो म्हणाले. खरं तर होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. फ्रीजच्या जनरेटरवरून वायर ओढून मशीनला करंट दिला, आणि उभ्यानंच स्क्रीनकडं बघत राहिले. आप्पा माझ्या मागं, टोपी हातात चुरगाळत. मनात एकच — ती फाईल आत बसलेली असणार, आणि मी तिला हातसुद्धा लावू शकत नाही.

सर्व्हर उठला. कुरकुर न करता, सरळ उठला!

विचार करायला वेळच नव्हता. कारेगावचा एक कंपनी कामगार सापडला, फोनवर म्हणाला, "शिफ्ट सुटलीच हाय, निघालो." मोटरसायकलवर आला, रक्त दिलं, तपासून पिशवी पुढं गेली. संध्याकाळी आप्पांनी दारातूनच हात जोडले. सून शुद्धीवर होती.

मग मी शांतपणे लॉग उघडला, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो ती वेळेसकट नोंद. बघण्याची परवानगी मला होती, बदलण्याची नव्हती. तिथं लिहिलं होतं — बंद करण्याची सूचना मिळाली, काम आवरलं, सर्व्हर व्यवस्थित बंद झाला. जुनी फाईल पुसलेली. आणि वेळ? लाइट गेल्यानंतरची. मी त्या डब्यावर हात ठेवून उभी होते, त्या वेळची. करंट नसलेलं मशीन सूचना घेतं कुठून, आणि लिहितं कशानं?

मी अजून खुर्चीतच होते तेव्हा दौंडहून फोन आला. सुनंदावहिनी रडत होत्या, मला वाटलं सर गेले.

"अगं नसरीन, यांचा हात हलला! दुपारी बसल्या बसल्या चादरीवर बोटं मारायला लागले... टाइप करत्यात तशी! मी हाक मारली तरी ध्यान न्हाई. मग थांबले आन् माझ्याकडं बघून हसले."

फोन ठेवला आणि लॉगमधली वेळ पुन्हा एकदा बघितली.

रविवारी दौंडला गेले. सर उशीला टेकून बसले होते. मी पिशवी खाली ठेवतेय तोवर त्यांचे ओठ हलले. खूप जोर लावून दोनच शब्द आले — "फाईल... गेली?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. शिरूरला काय झालं ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"गेली, सर," मी म्हणाले.

पुढं पुण्याचा इंजिनिअर आला. मशीनचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. यूपीएसवरून सर्व्हरला नुसता करंट जायचा, सूचना पोचवणारी वेगळी वायर कधी जोडलेलीच नव्हती, म्हणजे तिकडून सूचना जाणं शक्य नाही. "मॅडम, तुमच्याच बघण्यात काहीतरी चूक झाली असेल," म्हणून गेला. असेलही. इथं कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, मी आजही ऐकायला तयार आहे.

सर वर्षभरानं पुन्हा कामावर यायला लागले, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. एकदा चहा पिताना मी सगळं सांगितलं.

"मला त्यातलं काही आठवत न्हाई, नसरीन," ते म्हणाले. "फक्त एवढं आठवतं, त्या दुपारी किती महिन्यांनी वाटलं... हा हात माझा हाय."

आणि त्याच हातानं त्यांनी कप उचलला.